‘डेड स्टिक!’ : छोट्या विमानांच्या मैदानावरील शिष्टाचार

रेडिओने चालवायच्या कसरती विमानांच्या मैदानावर तुम्ही कधी गेलात, तर प्रथम आकाशाकडे पाहू नका, जमिनीकडे पाहा. धावपट्टीच्या कडेला तीन-चार माणसे ओळीने, एकमेकांचे बोलणे ऐकू येईल इतक्या अंतरावर उभी असतात. प्रत्येकाच्या हातात प्रेषक, अंगठे त्याच्या दोन काठ्यांवर आणि नजर वर. कोणी कोणाकडे पाहत नाही. पण दर मिनिटाला कोणी ना कोणी ओरडत असतो. ‘टेक ऑफ!’ ‘लँडिंग, डावीकडून!’ ‘धावपट्टीवर माणूस आहे!’ मध्येच एखादा ‘डेड स्टिक!’ अशी आरोळी ठोकतो. त्यासरशी बाकीची विमाने बाजूला होतात. जे विमान उतरण्याच्या बेतात होते, तेही इंजिनाचा वेग वाढवून पुन्हा वर निघून जाते. मग एक विमान, अजिबात आवाज न करता, खाली येऊ लागते.

पाहणाऱ्याला वाटते, खेळाडू मोठे सभ्य दिसतात! सभ्यता आहेच. पण ‘आधी आपण’, ‘छे छे, आधी आपण’ अशा जातीची ही सभ्यता नव्हे. प्रत्येक आरोळीमागे ऊर्जेचा आणि सेकंदांचा रोखठोक हिशेब आहे, आणि तो शाळेच्या पदार्थविज्ञानातल्या सूत्रांनी करता येतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

बावीस चेंडू

हिशेबासाठी मध्यम आकाराचे एक विमान घेऊ. वजन ३.५ किलोग्रॅम, इंजिन १० घन सेंटिमीटरचे. कसरती करताना ते सेकंदाला ४० मीटर वेगाने जाते असे समजू, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. चांगला वेगवान गोलंदाज याच वेगाने चेंडू टाकतो. १६० ग्रॅमच्या त्या चेंडूची गतिज ऊर्जा १२८ ज्यूल भरते. आपल्या विमानाची भरते २,८०० ज्यूल. म्हणजे सुमारे बावीस चेंडू एकाच वेळी एकाच जागी येऊन आदळावेत तसे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर हेच विमान ८२ मीटर उंचीवरून, म्हणजे सत्तावीस मजली इमारतीच्या गच्चीवरून, सोडून दिल्यासारखे. यात पुढे फिरणाऱ्या प्रोपेलरची धार मोजलेलीच नाही. याला खेळणे म्हणण्याचा मोह होतो, म्हणून हा आकडा आधी सांगितला.

आता उतरताना हेच विमान सेकंदाला १३ मीटर वेगाने जमिनीला टेकते. तेव्हा त्याची ऊर्जा ३०० ज्यूलपेक्षा किंचित कमी असते. तेव्हा उतरणे म्हणजे २,८०० ज्यूलचे ३०० ज्यूल करणे, आणि तेही ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेने, कोणाच्या वाटेत न येता. या कामी चालकाच्या हाती मुख्य साधन एकच : इंजिनावरचा ताबा.

इंजिन थांबवायचे कसे?

सुरुवातीला हा ताबा नव्हताच. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओने चालणारे छोटे विमान उडवले. त्यांचे ‘गफ’ हे विमान स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्या काळात आणि त्यानंतरही बरीच वर्षे रेडिओने सुकाणू हलवता येई, पण इंजिनाला कमी-जास्त करता येत नसे. टाकीतले इंधन संपेपर्यंत इंजिन पूर्ण जोरात चाले, मग बंद पडे आणि विमान तरंगत खाली येई. म्हणजे त्या काळचे प्रत्येक उतरणे ‘डेड स्टिक’च असे. ‘स्टिक’ म्हणजे लाकडी प्रोपेलर. तो फिरायचा थांबला म्हणजे ‘मेला’.

पुढे कार्बुरेटरचे तोंड रेडिओने उघड-मीट करण्याची सोय आली, आणि कसरतींचे स्वरूपच पालटले. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये रेडिओ-नियंत्रित कसरती विमानांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यांनी ती जिंकली. त्यांचे विमान ‘ओरायन’. आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या नियमावलीत या प्रकाराला ‘एफ-३-ए’ असे रुक्ष नाव आहे.

या छोट्या इंजिनांची एक गंमत तुम्हाला ठाऊक असायला हवी. मोटारसायकलच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. किल्ली फिरवली की ठिणगी बंद, इंजिन बंद. छोट्या विमानांत मात्र ‘ग्लो प्लग’ असतो. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील रे आर्डेन यांनी तो बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. इंधन म्हणजे मेथॅनॉल, थोडे नायट्रोमेथेन आणि वंगणासाठी तेल. पुष्कळदा आपले एरंडेल. इंजिन सुरू करताना बॅटरीने तार तापवतात आणि इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घेतात. तरी तार लालच राहते! प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मेथॅनॉलचे ज्वलन सुलभ होते, ही उत्प्रेरकाची करामत. शिवाय दट्ट्याने दाबलेल्या मिश्रणाची आणि मागच्या स्फोटाची उष्णता असतेच.

याचा परिणाम असा, की ‘बंद’ करायला बटणच नाही. हवा किंवा इंधन तोडणे हाच उपाय. म्हणून प्रेषकावरची इंजिनाची काठी अगदी खाली आणली तर इंजिन मंद चालावे, आणि बाजूची लहान पट्टी खाली ओढली तर कार्बुरेटर पूर्ण मिटून ते थांबावे, अशी जुळणी करतात. ही जुळणी उड्डाणापूर्वी तपासून पाहिल्याशिवाय धावपट्टीवर पाऊल ठेवायचे नाही, हा मैदानावरचा पहिला शिष्टाचार. जे इंजिन हवे तेव्हा थांबत नाही, ते घेऊन चार माणसांत येऊ नये. मला हा नियम इतर सगळ्या नियमांहून महत्त्वाचा वाटतो. नवशिक्यांचे लक्ष मात्र इंजिन सुरू कसे होईल याकडेच असते.

इंजिन सुरू करतानाही काठी खाली हवी, शेपटी कोणीतरी घट्ट धरलेली हवी, आणि प्रोपेलरच्या प्रतलात कोणीही उभे असता कामा नये. प्रतलात का? पाहा. २८ सेंटिमीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला १२,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २००. त्याच्या टोकाचा वेग येतो सेकंदाला १७६ मीटर, ताशी सुमारे ६३० किलोमीटर. टोकाचे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या साडेबावीस हजार पट! टोकाकडच्या एक ग्रॅम लाकडाला जागेवर धरून ठेवायला साडेबावीस किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. पात्याला तडा असेल तर तो तुकडा सुटतो आणि स्पर्शिकेच्या दिशेने, म्हणजे प्रोपेलरच्या प्रतलातच, निघून जातो. म्हणूनच कार्बुरेटरची सुई फिरवायची तर ती प्रोपेलरच्या मागे उभे राहून.

अठ्ठावीस सेकंद

आता त्या आरोळीकडे वळू. विमान ६० मीटर उंचीवर असताना इंजिन बंद पडले. इंजिनाविना विमान तरंगत येते तेव्हा एक मीटर खाली येताना ते किती मीटर पुढे जाते, हे त्याच्या घडणीवर अवलंबून असते. कसरती विमानासाठी हे प्रमाण आपण ६ धरू. तेव्हा पल्ला ३६० मीटर. तरंगण्याचा वेग सेकंदाला १३ मीटर धरला तर वेळ मिळतो सुमारे २८ सेकंद.

या अठ्ठावीस सेकंदांत विमान वळवायचे, वाऱ्याच्या तोंडी आणायचे आणि धावपट्टीवर टेकवायचे. दुसरी संधी नाही. ज्याचे इंजिन चालू आहे तो चुकला तर वर जाऊन पुन्हा येऊ शकतो. याची उंची म्हणजे शिल्लक पुंजी. ती फक्त खर्च होते. म्हणून ज्याचे इंजिन बंद पडले त्याचा हक्क पहिला, मग समोर जागतिक विजेता उतरत असला तरी. त्याने मोठ्याने ओरडायचे आणि इतरांनी वाट मोकळी करायची. ओरडायला लाजणारा माणूस येथे धोकादायक ठरतो. कारण इतरांना त्याचे इंजिन बंद पडल्याचे कळणार कसे? चार विमानांच्या गोंगाटात एक आवाज कमी झाला, हे कोणाच्या ध्यानात येणार?

खुद्द चालकालाही ते थोडे उशिराच कळते. स्पर्धेत विमान चालकापासून सुमारे १५० मीटर अंतरावरून उडवतात. ध्वनीला तेवढे अंतर कापायला ०.४४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात सेकंदाला ३० मीटर वेगाचे विमान १३ मीटर पुढे गेलेले असते. त्यात डॉप्लर परिणामाची भर. समोरून तिरके येऊन तसेच तिरके दूर जाणाऱ्या विमानाचा स्वर उतरतो. कोमल गांधारावरून षड्जावर यावे त्याहून जरा कमी. नवशिक्याला वाटते इंजिन मंदावले आणि तो उगाच काठी पुढे सारतो. सरावलेला कान स्वर कधी उतरायला हवा हे ओळखतो, आणि भलत्या वेळी उतरला तर सावध होतो.

उतरताना

उतरायचे ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, हे पुस्तकात असते. त्याची किंमत किती ते पाहा. हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग सेकंदाला १३ मीटर आणि वारा ५ मीटर. वाऱ्याच्या तोंडी उतरले तर जमिनीच्या सापेक्ष वेग ८. पाठीवर वारा घेऊन उतरले तर १८. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून ६४ आणि ३२४ यांची तुलना. पाच पट ऊर्जा आणि थांबायला साधारण पाच पट अंतर. म्हणून ज्या दिशेने पहिला उतरला त्याच दिशेने सर्वांनी उतरायचे. वारा फिरला तर आधी बोलून दिशा बदलायची. एकाने मनाने उलट बाजूने येणे हा असभ्यपणा नव्हे, तो समोरासमोर टकरीचा बेत आहे.

आता इंजिन मंद किती ठेवायचे? प्रोपेलर हा हवेत शिरणारा स्क्रू समजा. आपल्या प्रोपेलरचा आटा ८ इंच, म्हणजे एका फेऱ्यात तो २० सेंटिमीटर पुढे सरकू पाहतो. मिनिटाला २,५०० फेरे असतील तर तो सेकंदाला साडेआठ मीटर जाऊ पाहील. विमान तर १३ मीटरने चालले आहे. म्हणजे प्रोपेलर विमानाला मागे ओढतो, चक्क ब्रेकचे काम करतो. पण मंद चाल नीट जुळवलेली नसल्यामुळे इंजिन ४,००० फेऱ्यांवर राहिले तर? स्क्रू साडेतेरा मीटरने चालू पाहतो आणि ब्रेक नाहीसा होतो. विमान धावपट्टीवर हातभर उंचीवरून तरंगत राहते, खाली येतच नाही, आणि पट्टी संपते. हिशेब ढोबळ आहे, पण मैदानावर नेमके हेच दिसते. ‘विमान उतरतच नव्हते’ अशी तक्रार ऐकलीत तर कार्बुरेटरकडे बोट दाखवायला हरकत नाही.

मंद चाल फार कमी ठेवली तर इंजिन ऐन वेळी मरते. बराच वेळ मंद चालल्यावर इंजिनात न जळलेले इंधन साचते. मग घाबरून काठी एकदम पुढे ढकलली तर ते गुदमरून बंद पडते. म्हणून पुन्हा वर जायचा निर्णय लवकर घ्यावा आणि काठी हळूहळू पुढे न्यावी. पट्टीवर माणूस असेल, आधीचे विमान उचललेले नसेल, आपली दिशा चुकलेली असेल, तर ‘गो अराउंड’ असे सांगून सरळ वर जावे. यात कमीपणा नाही. जिद्दीने उतरणारा मात्र साऱ्यांच्या डोळ्यांवर येतो, आणि यावाच.

वळताना आणखी एक सापळा आहे. विमानाला हवेत धरून ठेवणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एका मर्यादेखाली वेग गेला की पंखावरचा प्रवाह सुटतो आणि विमान एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. सरळ उडताना ही मर्यादा सेकंदाला १० मीटर आहे असे समजू. विमान ६० अंश कलवून, उंची न गमावता वळवले तर पंखांना वजनाच्या दुप्पट बल पुरवावे लागते, आणि मर्यादा २ च्या वर्गमुळाच्या पटीत वाढून १४ मीटर होते. तुम्ही तर १३ ने येत होता! म्हणून शेवटचे वळण रुंद, सौम्य आणि आधीच घ्यायचे.

आणि विमान तुमच्याकडे तोंड करून आले की डावे-उजवे उलटते. खऱ्या वैमानिकाला हा प्रश्न पडत नाही, कारण तो आत बसलेला असतो. यावर एक जुनी युक्ती आहे : जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी ढकला. काठीचा टेकू देऊन पंख वर उचलतो आहोत असे मनात आणा. घरी पुठ्ठ्याचे विमान हातात धरून हे पडताळून पाहा, पाच मिनिटांत पटेल.

कोलांटी आणि काठी

कसरतीतही इंजिनावरचा ताबा हीच खरी कसोटी. ३० मीटर त्रिज्येची उभी कोलांटी घ्या. सेकंदाला ४० मीटर वेगाने आत शिरून इंजिनाची मदतच घेतली नाही आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर माथ्यावर वेग २०.६ मीटर उरतो. तळाशी पंखांवर वजनाच्या ६.४ पट भार येतो आणि माथ्यावर जेमतेम ०.४ पट. हीच कोलांटी चढताना काठी पुढे, उतरताना मागे, असे करून सतत ३० मीटर वेगाने घातली, तर तळाशी ४.१ पट आणि माथ्यावर २.१ पट. पंख मोडायची भीती कमी, वर्तुळ गोल, परीक्षक खूश. सरळ खाली येणाऱ्या रेषेत तर इंजिन मंदच हवे. गुरुत्वाकर्षण फुकट वेग देत असताना इंधन जाळून त्यात भर घालणारा चालक पुढचे वळण स्वतःच अवघड करून घेतो.

यामागे शेजाऱ्यांचाही विचार आहे. पूर्वीची स्पर्धेतली विमाने भरधाव आणि कर्कश होती. १९८० च्या दशकात एका कसरतीला जोडून लगेच दुसरी करण्याची पद्धत रूढ झाली, तसा सावकाश, एकसारख्या वेगाने उडण्याला भाव आला. नियमावलीत इंजिनाच्या आवाजाला मर्यादा घालण्यात आली. गावाजवळची किती मैदाने केवळ आवाजाच्या तक्रारींनी गेली असतील, याचा विचार करा.

आज स्पर्धेतली बहुतेक विमाने विजेच्या मोटरीवर उडतात. २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ५ किलोग्रॅमच्या आसपास वजन असले तरी आवाज सौम्य. पण येथे एक नवा धोका आला. पेट्यात उभे असलेले इंजिन चालू आहे की नाही हे कानाला कळते. बॅटरी जोडलेली मोटर मात्र मुकाट बसते आणि काठीला धक्का लागताच पूर्ण जोरात फिरते. म्हणून बॅटरी जोडली की ते विमान ‘चालू’ समजायचे, आणि मोटर रोखून धरणारे बटण दाबलेलेच ठेवायचे.

प्रेषक आधी चालू, विमानातला ग्राही नंतर. उतरल्यावर ग्राही आधी बंद, प्रेषक शेवटी. हा क्रम जुना आहे, आणि विजेच्या विमानांमुळे त्याचे महत्त्व वाढले. जुन्या रेडिओंच्या काळात आणखी एक पद्धत होती. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात प्रत्येक चालकाची ठरावीक कंप्रता असे, आणि त्याच कंप्रतेवर दुसऱ्याने प्रेषक चालू केला तर हवेतले विमान गेलेच. म्हणून मैदानावर एक फळा असे आणि त्यावर प्रत्येक कंप्रतेचा एक चिमटा, कपडे वाळत घालायचा असतो तसलाच. चिमटा हातात असेल त्यानेच प्रेषक चालू करायचा. आताचे २.४ गिगाहर्ट्‌झचे संच आपापली वाट आपण शोधतात, त्यामुळे चिमटे मागे पडले. संपर्क तुटला तर इंजिन आपोआप मंद व्हावे, अशी योजना या संचांत करता येते. ती केली आहे की नाही, हे मात्र चालकानेच पाहायचे.

आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत छोटी विमाने बनवण्याचे आणि उडवण्याचे शिक्षण मिळते. तुमच्या शाळेत किंवा महाविद्यालयात ती शाखा असेल तर चौकशी करा. स्वतंत्रपणे उडवायचे असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आधी वाचा. त्यांतील नकाशात लाल, पिवळे आणि हिरवे असे हवाई विभाग केलेले आहेत.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. ४० मीटर उंचीवर इंजिन बंद पडले. विमान धावपट्टीच्या टोकापासून २०० मीटर दूर आहे आणि तोंड पट्टीकडेच आहे. समोरून सेकंदाला ४ मीटर वारा. तरंगण्याचा वेग १३, प्रमाण ६. विमान पट्टीवर पोहोचेल का? (उत्तर : नाही. हवेतून ते २४० मीटर जाईल, पण त्या साडेअठरा सेकंदांत वारा त्याला ७४ मीटर मागे नेईल. ते पट्टीच्या सुमारे ३४ मीटर अलीकडे टेकेल. चालकाने नाक वर करून ते ओढत आणण्याचा प्रयत्न केला तर स्टॉल होईल. तेव्हा ओरडून सांगावे आणि पंख सरळ ठेवून गवतात उतरवावे.)